हातांची सात वर्षं

रूथ भिंगारदिवे सिस्टरांना एक खोड होती. शस्त्रक्रियेसाठी टेबलावर आलेल्या प्रत्येक माणसाच्या गळ्याखालच्या हाडांवरून त्या दोन बोटं फिरवायच्या, मग मानेमागून, मग कमरेत. खरं तर आता याची गरज उरली नव्हती. रोगी दाखल होतानाच टॅबलेट पंचवीस प्रश्न विचारून घेई आणि उत्तरांवरून पुढची सगळी खबरदारी आपली आपण ठरवी. डॉक्टर उन्मेष पाटणकर दर वेळी म्हणायचे, "सिस्टर, तुम्ही काय वांगी निवडताय का?" आणि सिस्टर म्हणायच्या, "वांगी परवडली. दाबलं की कळतं तरी."

येवल्यातल्या पाटणकरांच्या वीस खाटांच्या दवाखान्यात त्यांना छत्तीस वर्षं झाली होती. उन्मेषच्या वडिलांनी, म्हणजे मोठ्या डॉक्टरांनी, त्यांना कामावर घेतलं तेव्हा उन्मेष पाचवीत होता. मोठे डॉक्टर गेले, उन्मेष सर्जन होऊन परत आला, यंत्रं बदलली, भिंतींचे रंग बदलले. सिस्टर तेवढ्या होत्या तशाच राहिल्या. थोड्या रुंद झाल्या, एवढंच.

ती २०४१ सालची खंडेनवमी होती. त्या दिवशी दवाखान्यातल्या सगळ्या यंत्रांची पूजा व्हायची आणि झेंडूचे हार दर वर्षी रूथ सिस्टरच ओवायच्या. "तुमच्यात चालतं का हो हे?" असं कुणी विचारलं की त्या म्हणायच्या, "ज्यानं माणूस वाचतं त्याला फूल वाहायला कोणाचा प्रभू नाही म्हणतो?" सकाळी साडेदहाला भुलीच्या यंत्राला, दिव्यांना, कॉटरीला हळदकुंकू लागलं. अकराला रुग्णवाहिका आली.

स्ट्रेचरवर भागीनाथ वरोडे होता. वय साठ, पैठणी विणणारा, अंदरसूलच्या पुढच्या वाडीतला. मागाच्या खोलीला तोरण बांधायला स्टुलावर चढला, स्टूल कललं आणि तो डाव्या कुशीवर मागाच्या लाकडी तुळईवर आदळला. सोबत धाकटा भाऊ सोपान होता. सोनोग्राफीत पोट रक्तानं भरलेलं दिसलं. प्लीहा, म्हणजे डाव्या बरगड्यांखालचा तो मुठीएवढा अवयव, फाटला होता. रक्तदाब नव्वदवर होता आणि उतरत होता.

"नाशिकला पाठवण्याइतका वेळ नाही," उन्मेष म्हणाले. "उघडायचं. प्लीहा काढायची. रक्ताच्या दोन पिशव्या मागवा, डॉक्टर मोमीनना बोलवा."

डॉक्टर नसीम मोमीन भूल द्यायच्या. त्या दोन गल्ल्या पलीकडेच राहायच्या, पाच मिनिटांत हजर झाल्या. टॅबलेटवर सगळं हिरवं होतं. पंचविसातल्या पंचवीस प्रश्नांना 'नाही' असं उत्तर होतं.

भागीनाथ टेबलावर आला आणि सिस्टरांची बोटं त्याच्या गळ्याच्या डाव्या हाडाखाली थांबली. कातडीखाली काडेपेटीएवढं काहीतरी टणक होतं. बोटं वर गेली. मानेच्या बाजूनं कानामागे एक तार लागली, थेट डोक्यापर्यंत.

"भागीनाथ भाऊ, हे काय बसवलंय?"

भागीनाथनं डोळे उघडले. चेहरा पांढराफटक पडला होता, पण शुद्ध होती. "पेटी हाये, बाई. हात हालायचे ना माहे. आता नाय हालत."

"मग तिथं प्रश्नाला नाही कसं सांगितलं?"

दारात उभा असलेला सोपान रडकुंडीला आला. "मी भरलं ते. घाईघाईत सगळ्याला नाय नाय दाबत गेलो."

उन्मेष हात धूत होते. त्यांनी मान वळवली. "छातीत ना? आपलं काम पोटात आहे, सिस्टर."

"आणि कॉटरीची वीज कुठून जाते?" सिस्टरांनी विचारलं.

उत्तर दोघांनाही माहीत होतं. कॉटरी म्हणजे विजेनं रक्त थांबवणारी पेन्सिल. तिच्या टोकाशी वीज एकवटते, तिथली वाहिनी भाजून बंद होते आणि मग ती वीज अंगातून पसरत मांडीखालच्या पट्टीतून परत यंत्रात जाते. वाटेत धातूची तार असली तर वीज तिच्यात शिरते, कारण मांसातून जाण्यापेक्षा तारेतून जाणं सोपं. भागीनाथच्या तारेचं दुसरं टोक मेंदूत, तांदळाच्या दाण्याहून लहान जागेत रुतलेलं होतं. ते टोक तापलं तर आजूबाजूचा मेंदू शिजतो, आणि ते टेबलावर कोणालाही दिसत नाही. प्लीहा तर बरगड्यांच्या आत, पेटीपासून वीतभर अंतरावर. दोन टोकांचा चिमटा असता तर त्याची वीज दोन टोकांतच राहिली असती. पण तो केबल तुटली म्हणून चार दिवस नाशिकला पडून होता. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

"रिमोट कुठाय?" सिस्टरांनी सोपानला विचारलं. पेटीचा रिमोट रोग्यानं कायम जवळ ठेवायचा असतो, हे त्या नाशिकच्या प्रशिक्षणात शिकल्या होत्या.

सोपान खाली बघू लागला. "पूजेत मांडलाय."

विणकरांच्या घरी खंडेनवमीला माग, आडवा धागा नेणारा धोटा, कांड्या यांची पूजा होते आणि त्या दिवशी हत्याराला विश्रांती असते, कोणी ते हलवत नाही. भागीनाथची बायको मंदा गेली सात वर्षं त्या ओळीत पेटीचा रिमोटही मांडत होती. ज्याच्यावर पोट चालतं त्याला हळदकुंकू, एवढा साधा हिशोब. पण रिमोट छातीला टेकवल्याशिवाय पेटी तारा सोडत नाही, आणि तो वाडीत देवीपुढे पाटावर बसला होता.

सोपाननं फोन लावून सिस्टरांच्या कानाला धरला. मंदाला सगळं सांगायला सिस्टरांना अर्धं मिनिट लागलं.

"उत्तरपूजा झाल्याबिगर हलवत नाय, बाई," मंदा सवयीनं बोलून गेली आणि लगेच तिचा आवाज बदलला. "थांबा. उचलला. देवीला मी समजावीन नंतर. अखंड दिवा शेजारणीपाशी देते आणि निघाले."

"किती वेळ लागेल?"

"जीप मिळाली तं पाऊण तास."

डॉक्टर मोमीननी रक्तदाब वाचला. पंच्याऐंशी.

उन्मेषनी पेटीच्या कंपनीच्या मदत क्रमांकाला फोन लावला. एक अतिशय गोड, अतिशय शांत यंत्रस्वर म्हणाला, "आपण आणीबाणीत आहात हे ऐकून वाईट वाटलं. पायरी पहिली, रुग्णाचा रिमोट हातात घ्या."

"तो नाहीये!" उन्मेष ओरडले. "चुंबक ठेवून पेटी बंद केली तर?"

"चुंबकानं पेटीचे ठोके थांबतील. तारा मात्र जोडलेल्याच राहतील, त्यामुळे तापण्याचा धोका राहील. शिवाय रिमोटमध्ये उतरवून न घेतलेली पेटीची शिकलेली समज पुसली जाईल. या पेटीची प्रत आमच्याकडे एकदाही जमा झालेली नाही."

दर सहा महिन्यांनी केंद्रात जाऊन प्रत काढायची असते. भागीनाथ कधी गेलाच नव्हता. चांगलं चाललंय तर कशाला जायचं, हा आपल्याकडचा जुना न्याय.

समज पुसली जाईल म्हणजे काय, ते भागीनाथला कुणी सांगायची गरज नव्हती. जुन्या पेट्या कंपवातात मेंदूत उठणाऱ्या थरथरत्या तालावर चोवीस तास एकाच जोराचे विजेचे ठोके देत राहायच्या. ही नवी पेटी आधी ऐकायची. माणूस घास घेतो तेव्हा मेंदू काय बोलतो, धोटा सरकवतो तेव्हा काय, मोराच्या डोळ्यातला केसाएवढा जरीचा धागा उचलतो तेव्हा काय, हे ती ऐकून ठेवायची आणि कंप उठायच्या आत त्याला गप्प करायची. हे शहाणपण कारखान्यात भरता येत नाही. भागीनाथ आणि त्याची पेटी, दोघं मिळून सात वर्षं शिकले होते. पहिल्या वर्षी त्याला जेमतेम सदऱ्याचं बटण लावता यायचं. पदरावरचा मोर विणायला चौथं वर्ष उजाडलं. आता तो साठीचा होता, आणि पुन्हा पहिलीत बसायचं वय त्याचं राहिलं नव्हतं.

"डॉक्टरसाहेब," तो म्हणाला, "हात जाणार असतील तं मला तसंच घरी न्या."

"अहो, जीव राहिला तर हात!" उन्मेषचा आवाज चढला. मग सिस्टरांकडे वळून ते हळू पण कडक स्वरात म्हणाले, "चुंबक ठेवू, कॉटरी कमीत कमी वापरू. तापण्याचा धोका असेल, नसेल. हा तासाभरात जाईल याची मात्र खात्री आहे. मी जीव बघू की कलाकुसर?"

ते चुकीचं बोलत नव्हते, आणि हीच खरी पंचाईत होती. रूथ सिस्टरांनी कॉटरीच्या यंत्राकडे पाहिलं. वरचा झेंडूचा हार तसाच ठेवून त्यांनी त्याची पिन भिंतीतून उपटली.

"सिस्टर!"

"मोठे डॉक्टर हेच ऑपरेशन भारनियमनात करायचे. बारा-बारा तास वीज नसायची. जनरेटरवर दिवा तेवढा चालायचा, कॉटरी नाही. प्रत्येक वाहिनी चिमट्यात धरायची आणि रेशमानं बांधायची. मी अकरा प्लीहा बघितल्यात तशा. धागे मी कापून देते, तुम्ही बांधत चला."

"मी आयुष्यात एकही पोट कॉटरीशिवाय उघडलेलं नाही," उन्मेष म्हणाले. हे कबूल करताना ते एकदम पाचवीतल्या पोरासारखे दिसले. सिस्टरांचं काळीज हललं, पण ती वेळ माया करायची नव्हती.

"गाठ मारता येते ना? मग झालं. मी आहे."

उन्मेषनी डॉक्टर मोमीनकडे पाहिलं. मोमीन म्हणाल्या, "मी वीस मिनिटं जास्तीची सांभाळते. त्यापुढची नाही." आणि त्यांनी भुलीचं औषध शिरेत सोडलं. भागीनाथचे डोळे मिटेपर्यंत सिस्टरांनी त्याचा हात धरून ठेवला. इतका स्थिर हात त्यांनी फार दिवसांत धरला नव्हता.

पोट उघडलं आणि रक्त उसळून वर आलं. त्यापुढचा अर्धा तास नुसतं धरणं आणि बांधणं चाललं. सिस्टरांनी रेशमी धाग्याचे तुकडे ओल्या फडक्यावर ओळीनं मांडले होते. उन्मेष चिमटा लावायचे, हात पुढे करायचे, आणि बोटांना धागा मिळायचा. पहिल्या दोन गाठी सैल बसल्या. तिसरी बसली. दहावीनंतर उन्मेषचे हात अडखळेनासे झाले आणि नुसते काम करू लागले. सिस्टरांना ते ओळखू आलं. मोठ्या डॉक्टरांचेही असेच व्हायचे. शिकवून येत नाही ही गोष्ट, पण रक्तातून येते असंही नाही. गरज पडते तेव्हा येते. प्लीहेच्या मुळाशी दोन बोटं घालून उन्मेषनी जाड धाग्याच्या तीन गाठी मारल्या, आणि ती फाटकी प्लीहा ट्रेमध्ये आली.

सगळ्यांनी श्वास सोडला. तेवढ्यात वर, छातीच्या पडद्याला लागून, अगदी खोलवर रक्त भरू लागलं. एक बारीक वाहिनी फाटून पडद्यात मागे सरकली होती. चिमटा तिच्यापर्यंत पोचेना. फडक्याची घडी दाबली की थांबायचं, सोडली की भरायचं.

"इथं बांधता येणार नाही," उन्मेष म्हणाले. कपाळावरचा घाम हाताखालच्या नर्सनं टिपला. "इथं कॉटरीच पाहिजे, सिस्टर. एक सेकंद."

ती जागा पेटीच्या सगळ्यात जवळची होती.

सिस्टरांनी आपला उजवा हात बरगड्यांखालून आत घातला, घडी त्या जागेवर ठेवली आणि तर्जनीनं दाबून धरली. रक्त थांबलं.

"माझं बोट आहे इथं. जीप येईपर्यंत."

"जीप केव्हा येईल कोण जाणे."

"मला कुठं जायचंय?"

सतरा मिनिटं. पाचव्या मिनिटाला मनगट दुखू लागलं, नवव्याला दंड थरथरायला लागला, मग बोटाची जाणीवच गेली. ते दाबतंय की नुसतं टेकलंय हे त्यांना कळेना. रक्त येत नाही त्या अर्थी दाबत असावं, एवढंच. उन्मेष त्यांच्या मागे आले आणि त्यांनी खालून सिस्टरांचं कोपर आपल्या दोन्ही हातांवर पेललं. "बाबा तुम्हाला काय म्हणायचे आठवतंय?" त्यांनी विचारलं. सिस्टर म्हणाल्या, "हट्टी बाई म्हणायचे. त्याच्या पुढचं मी तुम्हाला सांगणार नाही." मोमीन मास्कमागे हसल्या. रक्तदाब अठ्ठ्याहत्तर होता. दुसरी पिशवी संपत आली होती.

दाराबाहेर चपला वाजल्या.

मंदानं रिमोट पदरात गुंडाळून आणला होता. नर्सनं तो पिशवीत घालून आत दिला. मोमीननी तो छातीला टेकवून बटण दाबलं, पण बटण आत जाईना. कडेच्या फटीत हळदकुंकू बसून घट्ट झालं होतं. मोमीननी एकदा छताकडे पाहिलं, मग पिशवी उघडून सुईच्या टोकानं आणि स्पिरिटच्या बोळ्यानं ती हळद काढली. पुन्हा दाबलं. पडद्यावर अक्षरं आली : समज उतरवत आहे. मग : तारा सोडल्या. मग : मौन.

"लावा पिन," सिस्टर म्हणाल्या.

कॉटरी एक सेकंदच चालली. सिस्टरांनी बोट काढलं. जागा कोरडी होती.

नंतर हात धुताना उन्मेष बराच वेळ नळाखाली हात धरून उभे राहिले. "मी घाईत त्याचा मेंदू भाजला असता," ते म्हणाले. "आणि कोणाला कधी कळलंही नसतं."

"तुम्हाला कळलं असतं," सिस्टर म्हणाल्या. "बाकी बारावी गाठ उलटी मारलीत. मोठे डॉक्टर असते तर चिमटा फेकून मारला असता." मग त्या वळल्या, कारण त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि उन्मेषसमोर रडायचं नाही हा त्यांचा छत्तीस वर्षांचा नेम होता.

पेटी लगेच चालू करता येत नव्हती. नाशिकच्या मेंदूतज्ज्ञ बाईंनी पडद्यावरून सगळं पाहिलं आणि रात्र जाऊ द्या म्हणाल्या. पुन्हा पोट उघडायची वेळ आलीच तर पेटी मौनातच बरी. समज नीट उतरली आहे की नाही, हे चालू केल्याशिवाय सांगता येणार नाही, असंही त्यांनी सांगितलं.

म्हणून दसऱ्याच्या सकाळी नऊ वाजता सिस्टर वॉर्डात गेल्या तेव्हा भागीनाथचे दोन्ही हात चादरीवर फडफडत होते. पेटी बंद असताना त्याला सिस्टर पहिल्यांदाच पाहत होत्या. मंदानं मात्र ते चार वर्षं पाहिलं होतं, पेटी बसायच्या आधी. तेव्हा प्रत्येक घास तिनं भरवला होता. आताही ती चमच्यानं त्याला पाणी पाजत होती, दोन चमचे, डॉक्टरांनी तेवढीच परवानगी दिली होती. तिचा हात सरावानं त्याच्या तोंडाच्या हालचालीबरोबर हलत होता, एक थेंब सांडत नव्हता.

"पोटात रेशीम घातलं म्हनं," भागीनाथ सिस्टरांना म्हणाला. बोलताना हनुवटीही हलत होती. "मग एखादा मोर तरी काढायचा."

"हसू नका. टाके तुटतील," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी रिमोट हातात घेतला. "चालू करू?"

त्यानं मान हलवली. तेवढ्यात मंदा म्हणाली, "बाई, जरा थांबा."

तिनं त्याचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि तो थरथरणारा हात घट्ट धरून ती नुसती बसून राहिली. सात वर्षं त्या हातांना तिची गरज पडली नव्हती, आणि ते चांगलंच झालं होतं, हे तिलाही ठाऊक होतं. मग तिनं तो सोडला. "करा आता," म्हणाली.

उन्मेष दारात येऊन उभे राहिले होते. सिस्टरांनी रिमोट टेकवला. उजव्या हाताची तर्जनी अजून बधिर होती, म्हणून डाव्या अंगठ्यानं बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आली : समज परत आणत आहे. आणि तिथंच थांबली.

दहा सेकंद. वीस. हात फडफडतच होते. भागीनाथनं डोळे मिटून घेतले. सिस्टर मनातल्या मनात प्रार्थना करू लागल्या, आणि मंदाचे ओठही हलत होते. दोघींचे देव वेगळे असतील, मागणं एकच होतं.

आधी डाव्या हाताची करंगळी थांबली. मग बोटं एकेक करून शांत झाली. मग उजवा हात मनगटापासून खाली स्थिर झाला आणि चादरीवर निवांत पडून राहिला.

भागीनाथनं डोळे उघडून हाताकडे पाहिलं. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासून पाहिली, धागा चाचपतात तशी. वाटीतला चमचा उचलला. काठोकाठ भरला. सिस्टर म्हणणार होत्या, दोन चमचे झालेत, आता बास. पण त्यानं तो तोंडाकडे नेलाच नाही.

कालपासून मंदाच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता. चहा घ्या म्हणून सिस्टरांनी तीनदा सांगून पाहिलं होतं. भागीनाथनं चमचा तिच्या ओठांपुढे धरला. पाण्यावर एक तरंगही नव्हता.

"घे," तो म्हणाला.

मंदानं तोंड उघडलं.